जपानच्या जुन्या मंदिरात झाझेनला पहिल्यांदा बसताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोव्हेंबरमध्ये दहा-बारा दिवस जपानला जायचंय, टोकियो आणि क्योटो पक्कं आहे. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर झालंय. एखाद्या ऐतिहासिक झेन मंदिरात झाझेनचा, म्हणजे बसून करायच्या ध्यानाचा, खरा अनुभव घ्यायचाय, जमलं तर एइहेइजी मठात मुक्काम करून. सोबत आई आहेत, वय पासष्ट, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी. जपानी कुणालाच येत नाही. आणि शेवटी, बसल्यावर काठीने मारतात हे खरं का?

काठीपासून सुरुवात करतो, कारण ती भीती मनात असली की बाकीचं वाचूनही डोक्यात शिरत नाही. हो, काठी असते. सपाट, लांब लाकडी पट्टी. झेनचे दोन मोठे पंथ आहेत: सोतो पंथात तिला क्योसाकु म्हणतात, रिन्झाई पंथात केइसाकु. पाहुण्यांच्या बैठकीत ती मागितल्याशिवाय सहसा कुणाला मिळत नाही. भिक्षू रांगेसमोरून सावकाश चालत असतो. हवी असेल तर तो जवळ आल्यावर हात जोडायचे. तो थांबतो, दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करता, मग रिन्झाई मंदिरात तुम्ही पुढे वाकता आणि पाठीवर दोन्ही बाजूंना फटके बसतात. सोतोमध्ये तुमचं तोंड भिंतीकडे असतं, त्यामुळे भिक्षू मागून येतो आणि उजव्या खांद्यावर एकच फटका देतो. त्या वेळी मान डावीकडे कलती ठेवायची, नाहीतर कानाला लागेल. आवाज मोठा येतो, दुखतं त्या मानाने कमी. आखडलेले खांदे सैल पडतात आणि झोप उडते, तिचं काम एवढंच. शिक्षा म्हणून कुणी मारत नाही. फटक्यानंतर पुन्हा नमस्कार करायचा असतो आणि मारणाराही तो करतो. मणक्याचं दुखणं असेल तर हात जोडू नका. काही मंदिरांनी पाहुण्यांसाठी काठी बंदच केली आहे, आणि माझ्या मते पहिल्यांदा बसणाऱ्याचं त्यात काही नुकसान झालेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. अनुभव मिळेल का, ही उत्सुकता घेऊन गेलात तर पहिला तास तो मिळतोय की नाही हे तपासण्यातच संपेल. झेन मंदिरात पहिल्या दिवशी मन शांत कसं करायचं हे फारसं कुणी शिकवत नाही. शिकवतात ते उंबरठा कसा ओलांडायचा, चपला कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायच्या, चालताना हात छातीशी कसे धरायचे, उशीकडे पाठ करायची की तोंड, उठल्यावर ती पुन्हा गोल फुगवून कशी ठेवायची. आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाला हे सगळं प्रस्तावनेसारखं वाटतं आणि तो मुख्य कार्यक्रमाची वाट बघत बसतो. मुख्य कार्यक्रम तोच असतो. टोकियोशेजारच्या कानागावा प्रांतात राहून मी दोन्ही पंथांच्या मंदिरांत वर्षानुवर्षं बसत आलोय, आणि नव्या माणसाला एकच सांगतो: पहिल्या वेळी मनाचं काही करायला जाऊ नका, शरीराला सांगितलंय तेवढं नीट करा.

तुम्ही एइहेइजीचं नाव काढलंत, तर तिथली रचनाच बघा. जपानमध्ये सोतो पंथ सुरू करणाऱ्या दोगेनने १२४४ साली एचिझेनमध्ये, म्हणजे आजच्या फुकुई प्रांतात, हा मठ स्थापला. आधी नाव दाइबुत्सुजी होतं, १२४६ मध्ये ते एइहेइजी झालं. डोंगरउतारावर, उंच सेडरच्या झाडांत, सात मुख्य इमारती जिन्यांच्या झाकलेल्या वाटांनी जोडलेल्या आहेत. त्या सातांत बुद्धमूर्तीचं दालन, प्रवचनाचं दालन, महाद्वार आणि ध्यानगृह असणार हे कुणीही ओळखेल. उरलेल्या तीन म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास, आणि त्यांचा मान बाकीच्या चारांपेक्षा कमी नाही. बोलायला पूर्ण बंदी असलेल्या जागा तीन: ध्यानगृह, न्हाणीघर, संडास. न्हाणीघरात भद्रपाल बोधिसत्त्व, संडासात उच्छुष्म, ज्याला जपानी लोक उसुसामा म्योओ म्हणतात, आणि स्वयंपाकघरात इदातेन, म्हणजे आपला स्कंद, कार्तिकेय. आंघोळीला जातानाही नमस्कार करून आत शिरायचं असतं.

हे कुठून आलं, त्याची दोगेनने स्वतः लिहून ठेवलेली गोष्ट आहे. १२२३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो चीनला गेला. तिएनथोंगच्या मठात एकदा भर दुपारी म्हातारा आचारी उन्हात अळिंबी वाळत घालताना दिसला. पाठ वाकलेली, डोक्यावर टोपी नाही. दोगेनने विचारलं, हे काम हाताखालच्या माणसांकडून का करून घेत नाही? आचारी म्हणाला, दुसरा माणूस म्हणजे मी नव्हे. पण ऊन केवढं आहे! त्यावर आचाऱ्याचं उत्तर: मग कुठल्या वेळेची वाट बघू? दोगेन पुढे बोलू शकला नाही. परत आल्यावर १२३७ मध्ये त्याने मठाच्या आचाऱ्यांसाठी जी शिकवण लिहिली, तीत हा प्रसंग आहे. झाझेन कसं करावं यावरचं त्याचं छोटं लेखन त्याआधीचं, चीनहून परतल्यावर लगेचचं. त्यातही बरीच जागा चटई, उशी, पाय, हात, कान खांद्यांच्या रेषेत, नाक बेंबीच्या रेषेत, यालाच दिली आहे.

तरीही एइहेइजी या वेळी तुमच्या कार्यक्रमात घालू नका, असं मी म्हणेन. अडचण अंतराची नाही. मार्च २०२४ पासून होकुरिकू शिंकानसेन ही बुलेट ट्रेन फुकुईपर्यंत जाते, टोकियोहून साधारण तीन तास, पुढे बस. अडचण जिन्यांची आहे. संपूर्ण मठ चढावर आहे आणि आईंच्या गुडघ्यांना तो दिवसभर पुरेल. शिवाय मुक्कामाच्या पाहुण्यांना पहाट व्हायच्या आधी उठवतात, शिस्त कडक असते, आणि थकलात म्हणून खोलीत पडून राहायची सोय नाही. ते एकट्याने जाण्याचं ठिकाण आहे. मठाच्या वाटेवर हाकुजुकान नावाचं निवासस्थान आहे, तिथे राहून मठात झाझेनला आणि पहाटेच्या पठणाला जाता येतं. जायचंच ठरलं तर आईंसोबत तो मार्ग बरा.

पहिल्या बैठकीसाठी मी कामाकुरा सुचवतो. टोकियो स्टेशनहून योकोसुका लाइनने तासाभराच्या आत किता-कामाकुरा येतं आणि स्टेशनातून बाहेर पडलं की एंगाकुजीचं फाटकच समोर. १८८९ साली योकोसुकाच्या नौदल तळासाठी रेल्वे टाकली तेव्हा ती सरळ मंदिराच्या आवारातून नेली. पुढचं तळं आजही रुळांच्या पलीकडे राहिलंय. त्यामुळे बसलेलं असताना गाडीचा आवाज येतो. कुणी तक्रार करत नाही.

एंगाकुजी १२८२ सालचं. मंगोलांनी १२७४ आणि १२८१ अशा दोन स्वाऱ्या केल्या, दोन्ही परतवल्या गेल्या. त्यानंतर शासक होजो तोकिमुने याने दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी हे मंदिर उभारलं. शत्रूच्याही. पहिला प्रमुख मुगाकु सोगेन हा चीनमधून बोलावून आणलेला भिक्षू होता, आणि चीनमध्ये असताना त्याच मंगोलांच्या तलवारी त्याने समोर पाहिल्या होत्या. आवारातली मोठी घंटा १३०१ ची आहे. ती टेकडीवर आहे, पायऱ्या बऱ्याच आहेत, आईंना खाली चहा घेत बसू द्या. घंटेच्या शेजारी बेंतेनचं देऊळ आहे, म्हणजे सरस्वतीचं.

आपल्याशी जोडणारा एक धागाही याच मंदिराचा आहे. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्याच व्यासपीठावर एंगाकुजीचे प्रमुख शाकु सोएन होते. त्याआधी ते काही वर्षं श्रीलंकेत राहून पाली आणि थेरवाद शिकून आले होते. त्यांच्या भाषणाचं इंग्रजी भाषांतर ज्या तरुण शिष्याने केलं, तो म्हणजे दाइसेत्सु सुझुकी. पुढे पाश्चात्त्य जगाला झेन कळलं ते मोठ्या प्रमाणात त्याच्या पुस्तकांमुळे. आणि १८९४ च्या हिवाळ्यात नात्सुमे सोसेकी, जपानचा मोठा कादंबरीकार, तेव्हा लेखक म्हणून अजून कुणाला माहीत नसलेला, याच आवारातल्या एका छोट्या मठात राहून शाकु सोएन यांच्यासमोर बसला. त्याला कोआन, म्हणजे गुरूने ध्यानासाठी दिलेला कोड्यासारखा प्रश्न, मिळाला: तुझे आईवडील जन्मण्याआधी तुझा मूळ चेहरा कोणता? त्याने दिलेलं उत्तर पसंत पडलं नाही. पंधरा वर्षांनी 'मोन' या कादंबरीत त्याने आपल्या नायकाला अशाच मठात पाठवलं आणि तसंच रिकाम्या हाताने घरी आणलं. दोन तासांच्या बैठकीतून काय घेऊन येऊ, असं वाटत असेल तर सोसेकीची आठवण ठेवा, ओझं हलकं होईल.

एंगाकुजीत सामान्य माणसांसाठी झाझेनच्या बैठका भरतात, विशेषतः शनिवार-रविवारी. चालत पंधरा-वीस मिनिटांवर केंचोजी आहे, १२५३ सालचं. तिथेही लोकांसाठी बैठका असतात. वेळा आणि दिवस सणासमारंभांमुळे बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मंदिराच्या संकेतस्थळावरचं त्या महिन्याचं वेळापत्रक पाहा. पान जपानीत असेल, फोनवरचं भाषांतर पुरतं. समजावून सांगणारा माणूस इंग्रजीतूनच हवा असेल तर क्योटोमध्ये म्योशिनजी मंदिराच्या आवारात शुनकोइन नावाचं उपमंदिर आहे, तिथे इंग्रजीतून झाझेन शिकवण्याची प्रथा जुनी आहे. प्रश्न विचारता येतात, कारण सांगतात, घाबरायला होत नाही. पण कामाकुराची बैठक तिथल्या नेहमीच्या जपानी माणसांची असते: निवृत्त गृहस्थ, ऑफिसात जाणारी मुलगी, आजी. भाषा न कळता त्यांच्यात बसून नुसतं बघून शिकण्याला मी जास्त किंमत देतो.

बैठक कशी चालते ते क्रमाने सांगतो. वीस मिनिटं आधी पोहोचा. नव्या माणसांना बाजूला घेऊन बसायचं कसं ते दाखवतात, ती संधी चुकवू नका. घड्याळ, बांगड्या, अंगठ्या काढून ठेवायच्या. अत्तर लावून जाऊ नका. कुणी काही बोलणार नाही, पण शेजारच्याचा सगळा वेळ त्या वासात जाईल. मोजे बहुतेक ठिकाणी काढायला लावतात आणि नोव्हेंबरच्या सकाळी लाकडी फरशी बर्फासारखी लागते. ध्यानगृहात हीटर नसतो, खिडक्या उघड्या असतात. शाल अंगावर घेऊन बसणं चालत नाही, म्हणून आतून उबदार कपडे घालून वर सैल, गडद रंगाची पँट घाला. जीन्समध्ये पाय दुमडत नाही.

आत शिरताना मूठ छातीशी धरून तिच्यावर दुसरा हात ठेवायचा, याला शाशु म्हणतात. जागेपाशी आल्यावर हात जोडून आसनाला नमस्कार, मग वळून समोरच्यांना. सोतो मंदिरात झाफू नावाची गोल, घट्ट उशी मिळते. रिन्झाईत बऱ्याचदा चौकोनी गाद्या एकावर एक. उशीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच टेकायचं, म्हणजे कंबर पुढे झुकते आणि दोन्ही गुडघे जमिनीला लागतात. बूड आणि दोन गुडघे, या तीन बिंदूंवर शरीर उभं राहतं. पद्मासन जमलं तर उत्तम, अर्धपद्मासन पुरेसं. डावीकडे-उजवीकडे झुलत झुलत मध्ये थांबायचं. उजव्या तळव्यावर डावा तळवा, अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली. अंगठे हेच तुमचं मोजमाप: झोप आली की ते गळतात, डोक्यात विचारांची गर्दी झाली की एकमेकांना दाबायला लागतात. डोळे अर्धे उघडे, नजर मीटरभर पुढे जमिनीवर. मग लाकडी ठोकळ्यांचा कडक आवाज आणि घंटेचे ठोके. सोतोमध्ये तीन.

पुढे काही होत नाही. रिन्झाईत श्वास मोजायला सांगतात, एक ते दहा, चुकलात की पुन्हा एक. सोतोमध्ये मोजायलाही काही नाही, नुसतं बसणं. पाहुण्यांसाठी एक बैठक पंधरा ते पंचवीस मिनिटांची असते. मठातली पूर्ण बैठक एक उदबत्ती जळायला लागतो तेवढा वेळ, चाळीसेक मिनिटं. मध्ये उठून रांगेत चालायचं, त्याला किनहिन म्हणतात. सोतोचं किनहिन इतकं हळू की एका श्वासाला अर्धं पाऊल. रिन्झाईत त्याच्या उलट, झपाझप. पाय बधिर झाले असतील तर घाईने उठू नका. घोटा मुरगळून लंगडत परतणारे दिसतात ते याच क्षणी चुकलेले असतात. हाताने बोटं चोळा, रक्त फिरू द्या, मग उठा; तुमच्यासाठी रांग थांबेल. बैठकीच्या मध्येच पाय असह्य झाला तर हात जोडून नमस्कार करा आणि आवाज न करता पाय बदला. सहन करण्यात शौर्य नाही, आणि धडपड करत हलणं शेजारच्याला त्रासाचं.

काही ठिकाणी आधी किंवा नंतर पठण असतं. मोकुग्यो या लाकडी वाद्याच्या ठोक्यावर सगळे एका सुरात हान्न्या शिंग्यो म्हणतात. ते आपलं प्रज्ञापारमिता हृदयसूत्र, चिनी वाटेने आलेलं. काही कळत नाही म्हणून कंटाळू नका, शेवटाकडे कान ठेवा. 'ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ, हारा सो ग्यातेइ, बोजी सोवाका' ऐकू आलं की 'गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा' तुम्ही आपोआप म्हणाल. भाषांतर तिथल्या कुणी केलेलंच नाही, मंत्र तसाच ठेवलाय.

आता इगतपुरीबद्दल, कारण महाराष्ट्रातून येणाऱ्यांपैकी बरेच जण धम्मगिरीचं शिबिर करून आलेले असतात आणि त्यांचा फायदा-तोटा दोन्ही ठरलेला असतो. फायदा असा की तासभर न हलता बसणं, मौन, पहाटे उठणं, यातलं काही नवं नसतं. तोटा असा की घंटा वाजताच डोळे मिटतात आणि लक्ष डोक्यापासून पायापर्यंत फिरायला लागतं. इथे डोळे मिटले तर भिक्षू येऊन सांगेल, आणि संवेदना शोधणं हे या पद्धतीचं काम नाही. दुखलं तर दुखलं, गाडी गेली तर गेली, त्याचं निरीक्षणही करायचं नाही. गोएंका गुरुजींच्या शिबिरातही पद्धतींची सरमिसळ करू नका असं बजावतात, ते इथेही लागू आहे. त्या सकाळी विपश्यना बाजूला ठेवा, घरी आल्यावर आपली साधना पूर्ववत करा. दोन्हीतलं श्रेष्ठ कोणतं हा वाद मला कधी रस घेण्यासारखा वाटला नाही. फरक एवढाच सांगतो: इगतपुरीत तुम्हाला एकटं पडायला मदत करतात, नजरही द्यायची नाही. झेन मठात सगळं एकत्र, एका ठोक्यावर. एकजण हलला की रांगेला कळतं.

गुडघ्यांबद्दल. मांडी घालून जेवायची सवय असलेल्या मराठी माणसाला आपण सहज बसू असं वाटतं. मांडी घालता येते, पण सपाट जमिनीवरच्या मांडीत पाठ पोक काढते आणि गुडघे वर राहतात. अर्धपद्मासन ही वेगळी मागणी आहे. निघायच्या आधी महिनाभर रोज दहा मिनिटं एका घट्ट, वीतभर उंच उशीच्या कडेवर बसून बघा. आईंनी खाली बसायची मुळीच गरज नाही. खुर्चीवरचं झाझेन बहुतेक मंदिरांत स्वीकारलं गेलंय, कारण जपानमध्येही आता खाली न बसू शकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. खुर्चीत पाठ टेकायची नाही, पाय जमिनीवर सपाट, बाकी सगळं तेच. त्यांनी खरी काळजी घ्यायची ती पठणाच्या वेळी वज्रासनात बसण्याची. तिथेही खुर्ची मागा.

जेवणाचं तुम्हाला वाटतं त्याच्या उलट आहे. मंदिरात शाकाहाराची काळजी सगळ्यात कमी, बाहेर सगळ्यात जास्त. मंदिरातलं पारंपरिक जेवण, शोजिन र्योरी, मांस-मासे-अंडं नसलेलं असतंच, वर कांदा-लसूणही नसतो. रस्सा कोम्बू म्हणजे समुद्री वनस्पती आणि सुकवलेल्या शिइताके अळिंबीचा. तिळाचा गोमा-दोफू मिळाला तर सोडू नका. पण मंदिराच्या फाटकाबाहेरच्या दुकानात भाज्यांचं सूप किंवा नूडल्स घेतलेत, तर त्यात कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा, अर्क जवळपास नक्की असतो, आणि दुकानदार मनापासून 'हे शाकाहारी आहे' असंच सांगतो, कारण त्याच्या हिशेबी त्यात मासा नाही, फक्त चव आहे. केंचोजीच्या नावावरून ओळखली जाणारी केंचिन-जिरू ही भाज्यांची आमटीसुद्धा हॉटेलात विचारूनच घ्या. 'कात्सुओ-दाशी नुकी दे ओनेगाइ शिमास' हे वाक्य फोनमध्ये जपानी लिपीतही ठेवा आणि दाखवा. मुक्कामाच्या मठात जेवायला मौन असतं. वाडग्यात काही उरवायचं नाही. शेवटी मुळ्याच्या लोणच्याची फोड आणि गरम पाणी घेऊन वाडगा आतून पुसायचा, फोड खायची, पाणी प्यायचं. त्यामुळे पहिल्या वाढीला हात आखडता ठेवा.

मुक्काम हवाच असेल तर आईंसोबत मी तुम्हाला एइहेइजीऐवजी कोयासान या डोंगरावरच्या मंदिरांच्या गावी पाठवेन, जरी ते झेन नसलं तरी. क्योटोहून ओसाकाला, नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार. सगळं मिळून तीनेक तास. जपानमध्ये तांत्रिक बौद्धमताचा शिंगोन पंथ स्थापणाऱ्या कूकाईला ८१६ साली सम्राटाकडून हा डोंगर मिळाला. कूकाई ८०४ मध्ये चीनला गेला होता, तिथे त्याने हुइगुओ या चिनी गुरूकडून तंत्रमार्गाची दीक्षा घेतली आणि प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडून संस्कृत शिकला. वर पन्नासेक मंदिरं पाहुण्यांना ठेवून घेतात, त्याला शुकुबो म्हणतात. तातामीची, म्हणजे गवती चटयांची खोली, शोजिन जेवण, सकाळी पठण आणि काही ठिकाणी होमही. तुम्ही मराठी वाचता म्हणून तिथल्या ध्यानाची मजा तुम्हाला जपानी माणसापेक्षा जास्त येईल. त्याला आजिकान म्हणतात. समोर एक चित्र टांगलेलं असतं: कमळ, त्यावर पूर्णचंद्राचं वर्तुळ, आणि वर्तुळात सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतला 'अ'. श्वास सोडताना तोच उच्चार, मग तो मनात, मग चंद्र छातीत घेऊन तो वाढवत न्यायचा. पहिल्यांदा ध्यान करणाऱ्यालाही हे झाझेनपेक्षा सोपं जातं, कारण धरायला काहीतरी असतं. आईंना हेच आवडेल असा माझा अंदाज आहे.

तिथलं ओकुनोइन, म्हणजे कूकाईचं समाधीस्थान, बघायला संध्याकाळी जा, वाट बरीचशी सपाट आहे. ८३५ साली कूकाई गेला असं इतिहास सांगतो; तिथले लोक तो गेला असं मानत नाहीत, समाधीत बसलेला आहे असं मानतात, आणि दिवसातून दोनदा त्याच्यासाठी जेवण नेलं जातं. आळंदीला जाऊन आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नोव्हेंबरात वर थंडी शून्याच्या जवळ जाते, शुकुबोच्या खोल्यांत हीटर असतो पण बाहेरच्या ओसऱ्या गारठलेल्या असतात.

पैशांचं थोडक्यात: सामान्य बैठक फुकट किंवा हजार येनपर्यंत, काही ठिकाणी मंदिराचं प्रवेशशुल्क वेगळं. इंग्रजीतल्या शिकवणीला काही हजार येन. शुकुबोत जेवणासह माणशी दहा हजारांच्या वर, चांगल्या खोलीला बरंच जास्त. रोख ठेवा. पैसे पाकिटात घालून दिले तर बरं दिसतं.

नोव्हेंबरचा शेवटचा पंधरवडा पानं लाल होण्याचा, क्योटोत मुंगी शिरायला जागा नसते आणि शुकुबो महिनोन् महिने आधी भरतात. जमलं तर पहिल्या पंधरवड्यातला शनिवार-रविवार कामाकुराला द्या, सकाळची बैठक निवडा. १ ते ८ डिसेंबर मात्र टाळा. बुद्धाच्या बोधिप्राप्तीच्या स्मरणार्थ तेव्हा मठांत रोहात्सुचं कडक ध्यानसत्र चालतं आणि पाहुण्यांच्या बैठका बऱ्याच ठिकाणी बंद असतात.

आरक्षण लागत असेल तिथे ई-मेल साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा: किती माणसं, पहिलीच वेळ, आईंचं वय, खुर्ची हवी. ही शेवटची गोष्ट आधी कळवली तर खुर्ची रांगेत मांडलेली सापडते. आयत्या वेळी सांगितलीत तर सगळी बैठक तुमच्यासाठी थांबते आणि आईंना ओशाळल्यासारखं होतं. आणि गाडी चुकून उशीर झाला तर दार वाजवू नका. बैठक सुरू झाल्यावर आत घेत नाहीत. आवारात फिरा, पुढची बैठक कधी आहे ते कचेरीत विचारा.